प्रकृती स्थिर आहे

नामंजुरीचे पत्र ताईने आधी स्वतः वाचले, घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवले आणि पाकीट माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "बरोबरच लिहिलंय त्यांनी. गेले होते ना मी चालत." पत्र दीड पानांचे होते. अर्जदार तपासणीच्या खोलीत कोणाच्याही आधाराशिवाय चालत आल्या, खुर्चीवर पंचवीस मिनिटे बसल्या, त्यांनी प्रश्नांची उत्तरे स्पष्टपणे व हसतमुखाने दिली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदींनुसार त्यांची प्रकृती स्थिर आहे. सबब त्या हलके बैठे काम करण्यास सक्षम असून उत्पन्न-साहाय्यासाठीचा त्यांचा दावा नामंजूर करण्यात येत आहे. या मजकुरातले एकही विधान धडधडीत खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते खोडायचे कसे हे आम्हा दोघी बहिणींना पहिले दोन दिवस कळेना.

ताईला नऊ वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात त्यातला हा प्रकार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तराला परके समजून त्याच्यावर तुटून पडते. सकाळी उठल्यावर हात तासदोन तास मुठीतच अडकलेले असतात, दुपारी थोडे सैलावतात, आणि संध्याकाळी असा थकवा येतो की झोपूनही तो उतरत नाही. शिवाय हा आजार दररोज सारखा नसतो. चार दिवस बरे जातात, मग काही कारण नसताना आठवडाभर तो उसळतो. बावीस वर्षे एका लेखाविभागात काम केलेल्या ताईला नोकरी सोडावी लागली, तेव्हा तिने पहिले सहा महिने कोणाकडे काही मागितले नाही. मग अर्ज केला, आणि चार महिन्यांनी हे पत्र आले.

त्या पत्रापेक्षा ताईने ते लगेच मान्य केले याचाच मला अधिक त्रास झाला. नंतर विचार करताना लक्षात आले की यात नवल काहीच नव्हते. गेली नऊ वर्षे ती एकच गोष्ट मन लावून शिकली होती, आणि ती म्हणजे आपला आजार कोणाच्या नजरेस पडू न देणे. जिन्यावर थांबायचे असेल तेव्हा ती फोनमध्ये काहीतरी पाहिल्यासारखे करी. भांडे उचलता येत नसेल तेव्हा "तू घे, मी तोवर हे आवरते" असे म्हणे. असल्या माणसाला एके दिवशी एक अनोळखी तपासनीस विचारतो, "कशा आहात?" आणि ती सवयीने सांगते, "बरी आहे." शिष्टाचार म्हणून उच्चारलेले हे दोन शब्द अहवालात मात्र वैद्यकीय माहिती म्हणून उतरले होते: 'अर्जदाराने स्वतःची प्रकृती बरी असल्याचे सांगितले.' त्या प्रश्नाला खरे उत्तर देणारे माणूस मी तरी आजवर पाहिलेले नाही.

अपील करायचे हे ठरवायलाच आम्हाला आठवडा लागला. ताईच्या मते अपील म्हणजे भांडण होते, आणि मदत मागायला गेलेल्याने भांडू नये असे तिचे म्हणणे. मी तिच्याशी वाद घालण्याऐवजी थोडे वाचन केले. आजारपणामुळे कमाईची शक्ती गेलेल्या माणसाला विम्यातून निर्वाहवेतन देण्याचा कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली झाला. म्हणजे ही कल्पना काही कालची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या किमान मानकांचा जो करार केला, त्याला क्रमांक १०२ चा करार म्हणतात. त्यात विकलांगतेमुळे मिळणाऱ्या साहाय्याचा स्वतंत्र भाग आहे, आणि कलम ७० मध्ये साध्या शब्दांत म्हटले आहे की साहाय्य नाकारले गेले, किंवा त्याच्या स्वरूपाबद्दल वा रकमेबद्दल तक्रार असली, तर प्रत्येक दावेदाराला अपिलाचा हक्क असला पाहिजे. हे मी ताईला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले आणि विचारले, "म्हणजे त्यांनी नाही म्हणावं आणि आपण पुन्हा विचारावं, हे धरूनच कायदा केलाय?" हो, धरूनच केला आहे. बावीस वर्षे हिशेब तपासणीत घालवलेल्या बाईला तपासणीवर फेरतपासणी असते हे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. "मग ठीक आहे," ती म्हणाली, "खात्यावर आक्षेप नोंदवायचा, एवढंच ना."

मुदतीबद्दल फार लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढे जाणेही बरे नव्हे, कारण खरे दावे या एका कारणाने बुडतात. अमेरिकेत नामंजुरीनंतर साधारण ६० दिवस मिळतात आणि पत्र टपालाने पोचायला ५ दिवस लागले असे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये फेरविचाराची मागणी एका महिन्याच्या आत करावी लागते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची सोय आहे, पण तिची मुदत आणि पद्धत राज्य सरकारे ठरवतात. तेव्हा आपल्या पत्रावर जे छापले असेल तेच प्रमाण मानावे. आमच्या बाबतीत पत्रावरची तारीख आणि पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख यांत सहा दिवसांचे अंतर निघाले. ते पाकीट ताईने फेकले नव्हते. फेकायचे म्हणजे फाडायचे, आणि त्या दिवशी तिला ते फाडवले नव्हते, इतकेच त्याचे कारण.

पहिले काम म्हणून आम्ही ज्या कागदांच्या आधारे निर्णय झाला त्या सगळ्यांच्या प्रती मागवल्या. हे मला एका परिचित वकिलांनी सुचवले होते. "निर्णयाला उत्तर देऊ नका," ते म्हणाले, "निर्णय ज्यावर उभा आहे त्याला उत्तर द्या." तीन आठवड्यांनी एक जाड लिफाफा आला. त्यात तपासनिसाचा अहवाल होता, डॉक्टरांच्या नोंदी होत्या, आणि ताईने स्वतःच्या हाताने भरलेला मूळ अर्जही होता. तो अर्ज वाचताना मला घाम फुटला. 'कपडे स्वतः घालता का?' हो. 'अंघोळ स्वतः करता का?' हो. 'पेन धरून लिहू शकता का?' हो. 'सार्वजनिक वाहनाने प्रवास करता का?' कधी कधी. प्रत्येक प्रश्नासमोर उत्तरासाठी दोन चौकटी आणि खाली स्पष्टीकरणासाठी दीड ओळ. त्या दीड ओळीत ताईने बहुतेक ठिकाणी काहीच लिहिले नव्हते. लिहायला हात चालत नव्हता म्हणून लिहिले नव्हते, आणि लिहायला हात चालत नाही हे मात्र अर्जात कुठेच नव्हते.

"हो कसं काय लिहिलंस?" मी विचारले. ती जरा चिडली. "घालते की मी कपडे. तू येतेस का घालायला?"

मग मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि घड्याळ लावून ती कपडे कसे घालते ते पाहिले. पुढून पाच बटणे असलेला एक साधा सदरा होता. पहिले बटण तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचा प्रयत्न केला, ते निसटले; पुन्हा धरले, पुन्हा निसटले. मग तिने उशाजवळून एक वाकवलेली तार काढली. तिचे एक टोक कापडी पट्टीने जाड केलेले होते. ती तार तिने काजातून आत घातली, बटणाच्या देठाला अडकवली आणि हळूच ओढली. मनगट वळत नसल्याने ती कोपर हवेत उचलून सबंध हात फिरवत होती. बटण अर्धे आले आणि तिथेच अडले. ती थांबली, डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. दुसरे बटण तारेने लागले, तिसरे लागले, चौथ्याला तार हातातून पडली आणि ती उचलायला वाकणे हे एक वेगळेच काम होऊन बसले. पाच बटणांना एकोणीस मिनिटे लागली. त्यानंतर चहाचा कप तिने दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला, कारण बोटांना आता काहीही धरायचे नव्हते. मी विचारले, "ही तार कधीपासून?" तर म्हणाली, "झाली की तीन वर्षं." एकाच घरात राहून ती मला माहीत नव्हती.

अर्जातल्या त्या 'हो' मध्ये ही एकोणीस मिनिटे मावत नव्हती, आणि त्यांच्यानंतरचा एक तास तर अजिबातच मावत नव्हता. पुढे मला कळले की ही अडचण काही एकट्या ताईची नाही आणि जाणकारांनी तिला नावेही दिलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली कार्यशक्ती आणि विकलांगता यांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले, त्यात माणसाची क्षमता आणि त्याचे प्रत्यक्ष जगणे यांची वेगवेगळी नोंद करायला सांगितले आहे; तपासणीच्या खोलीत जे जमते आणि रोजच्या घरात, रस्त्यावर, कामाच्या जागी जे घडते ते एकच असेल असे धरून चालत नाहीत. ब्रिटनमधल्या एका विकलांगता भत्त्याच्या नियमांत ही गोष्ट फार नेमकी लिहिलेली आहे. एखादी कृती जमते असे म्हणायचे तर ती सुरक्षितपणे जमली पाहिजे, समाधानकारक रीतीने जमली पाहिजे, हवी तितक्या वेळा पुन्हा जमली पाहिजे, आणि वाजवी वेळात जमली पाहिजे. वाजवी वेळ कोणता तेही सांगितलेले आहे: ती अडचण नसलेल्या माणसाला जास्तीत जास्त जितका वेळ लागेल त्याच्या दुपटीहून अधिक नको. तो भत्ता कमाई बुडाल्याबद्दल दिला जात नाही, विकलांगतेमुळे वाढणाऱ्या खर्चासाठी दिला जातो, आणि आमच्या प्रकरणाला तो नियम लागूही नव्हता. तरी त्या चार कसोट्या मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावल्या, कारण ताईला 'जमतं का' या प्रश्नाचे चार प्रश्न करून देणे मला भाग होते.

आणि 'हलके बैठे काम' म्हणजे तरी काय? हा शब्द वाचणाऱ्याला वाटते की खुर्चीवर बसून राहायचे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याने या प्रकारच्या कामाचा अर्थ लिहून ठेवला आहे: आठ तासांच्या दिवसात साधारण सहा तास बसणे आणि एका वेळी १० पौंडांपेक्षा जास्त वजन न उचलणे. त्याच खात्याने असेही म्हटले आहे की बहुतेक अकुशल बैठ्या कामांना दोन्ही हातांचा, विशेषतः बोटांचा, चांगला उपयोग लागतो. शिवाय तिथे माणसाची उरलेली कार्यशक्ती मोजताना दिवसाला आठ तास आणि आठवड्याला पाच दिवस असे सलग काम धरतात. ताई तपासणीच्या खोलीत पंचवीस मिनिटे बसली, हे खरेच होते. पण ज्या कामात हात बसलेले असतात असे बैठे काम कोणते, हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याला पडलेला दिसला नाही.

डॉक्टरांकडे जायला ताई तयार नव्हती. त्यांनी आपल्यासाठी इतके केले, आता त्यांच्याच नोंदी त्यांना कशा दाखवायच्या, हा तिचा संकोच. मी मात्र 'प्रकृती स्थिर' या शब्दांवर बोट ठेवून त्यांना विचारलेच. ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "अहो, स्थिर म्हणजे औषध बदलायचं नाही. आणखी बिघडत नाहीये एवढंच." दवाखान्यात हा शब्द पुढच्या भेटीपर्यंतच्या सोयीसाठी लिहिला जातो, कार्यालयात त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा लावला जातो. दगडही स्थिरच असतो.

दुसरी गोष्ट मला मुळीच माहीत नव्हती. ताईच्या नोंदींत दर भेटीला एक आकडा असे, आणि तो गेले वर्षभर कमी होत आलेला होता. कार्यालयाने त्याचाही दाखला दिला होता. डॉक्टरांनी समजावले की हा 'डास-२८' नावाचा गुणांक आहे. त्यासाठी शरीरातले २८ सांधे तपासतात: खांदे, कोपरे, मनगटे, हाताच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. त्याला रक्ततपासणीतला सुजेचा आकडा आणि रुग्णाचे स्वतःचे मत जोडतात. औषध लागू पडते आहे की नाही हे पाहायला तो उत्तम आहे. पण घोटे आणि पावले त्या २८ सांध्यांत येत नाहीत. शिवाय तो आज सांधा सुजला आहे का, दुखतो आहे का हे पाहतो, आधीच झिजून वाकडा झालेला सांधा मोजत नाही. ताईच्या उजव्या पावलाची बोटे तीन वर्षांपूर्वीच एकमेकांवर चढली आहेत. म्हणजे ज्या पावलांनी ती 'आधाराशिवाय चालत आली' ती पावले त्या आकड्यात नव्हतीच, आणि जी बोटे बटण धरू शकत नाहीत त्यांची सूज उतरल्यामुळे आकडा सुधारत होता.

डॉक्टर म्हणाले, "मी लिहून देतो, या काम करू शकत नाहीत म्हणून." मी त्यांना विनंती केली की तसे लिहू नका. हे मला त्या वकिलांनीच बजावले होते. काम करू शकतात की नाही हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार निर्णय देणारे आपल्याकडे ठेवतात, आणि डॉक्टरांनी तो काढून दिला तर सहानुभूतीचे पत्र म्हणून बाजूला ठेवतात. त्यांना हवी असते ती निष्कर्षाच्या आधीची माहिती. सलग किती वेळ बसता येते, किती वेळ उभे राहता येते, मूठ किती मिटते, चिमटीत काय धरता येते, ते किती वेळा धरता येते, महिन्यातले साधारण किती दिवस अंथरुणातून उठण्यालायक नसतात, आणि हे सारे कधीपासून आहे. डॉक्टरांनी तिची मूठ मोजली, पावलांची क्ष-किरण चित्रे पुन्हा काढवली आणि दोन पानांचे पत्र दिले. त्यात 'बिचारी' अशा सुराचा एकही शब्द नव्हता, आणि नऊ वर्षांत तिच्याबद्दल लिहिला गेलेला तो सर्वांत आदराचा मजकूर होता असे मला आजही वाटते.

रोजची वही ठेवायची हे मात्र ताईला शिक्षेसारखे झाले. सहा आठवडे, रोज रात्री: सकाळी हात किती वेळाने उघडले, कोणते काम सुरू केले, ते पुरे झाले का, मध्ये किती वेळा थांबले, दुसऱ्या दिवशी काय परिणाम झाला. ती सांगायची आणि मी लिहायचे, कारण तिने लिहायचे म्हटले तर वहीतली पहिली नोंद वही लिहिता न येण्याची झाली असती. आठव्या दिवशी ती एकदम गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "रोज रात्री माझीच चहाडी केल्यासारखं वाटतं गं." मला काही उत्तर सुचले नाही. आजाराकडे पाठ फिरवून जगण्याची जी युक्ती तिने इतक्या वर्षांत साधली होती, तीच ही वही रोज थोडी थोडी मोडत होती. झोपण्यापूर्वी दिवसातले सगळे हरणे मोजायला लावले तर धडधाकट माणूसही महिन्याभरात खचेल. अपिलाचा हा खर्च कोणत्याही अर्जात विचारत नाहीत.

चौथ्या आठवड्यात माझ्या मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता. ताई आली, दोन तास बसली, भाचीचे नाटक पाहून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांशी बोलली, एका छायाचित्रात तर ती चक्क उभी राहून हसते आहे. त्या रात्री वही उघडल्यावर मी म्हणाले, "आजचं राहू दे." हे मी इथे कबूल करते आहे, कारण अपील करणाऱ्यांच्या घरात हा मोह होतोच. ताईने माझ्याकडे पाहिले. "पान कोरं सोडलंस तर हिशेब जुळणार नाही," ती म्हणाली. "आलेले सगळे आकडे लिहायचे. आवडते तेवढे नाही." मग मी तो दिवस लिहिला, टाळ्यांसकट. दुसऱ्या दिवशी ती दुपारी दोनपर्यंत उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिला दात घासण्याचा ब्रश धरता आला नाही. चौथ्या दिवशी ताप होता. सुनावणीत पुढे सर्वांत जास्त प्रश्न विचारले गेले ते याच चार पानांवर, आणि पहिले पान नसते तर पुढच्या तीन पानांना काही अर्थ उरला नसता. बेचाळीस दिवसांपैकी चांगले म्हणावेत असे दिवस अकरा भरले. ते आम्ही अपिलाच्या पत्रात सुरुवातीलाच लिहिले.

ते पत्र ताईच्याच पद्धतीने तयार झाले. निर्णयातले एकेक विधान जसेच्या तसे उतरवायचे, त्याखाली ते कितपत खरे आहे ते सांगायचे, आणि त्याखाली त्यातून काय सुटले आहे ते कागदाच्या क्रमांकासह मांडायचे. 'अर्जदार आधाराशिवाय चालत आल्या': हे खरे आहे, वाहनापासून खोलीपर्यंतच्या अंतरात त्या दोनदा थांबल्या, परत जाताना बहिणीचा हात धरला, व त्यानंतरचे दोन दिवस घराबाहेर पडू शकल्या नाहीत. 'हसतमुखाने उत्तरे दिली': हे खरे आहे. या विधानाखाली पुढे काय लिहावे यावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि शेवटी काहीच लिहिले नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात 'अन्याय' हा शब्द पाच वेळा आला होता. ताईने पाचही वेळा लाल रेघ मारली. "हा शब्द त्यांना लिहू दे," ती म्हणाली. पाठवताना पोच घेतली आणि पोचेचीही प्रत काढून ठेवली.

फेरविचारात पुन्हा नकार आला, जवळजवळ त्याच शब्दांत. बऱ्याच जणांचा प्रवास इथे थांबतो, आणि तो थांबू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण पहिला फेरविचार बहुधा कागदांवरच होतो, आणि प्रत्यक्ष माणूस समोर बसतो तो त्याच्या पुढच्या टप्प्यावर. ब्रिटनमध्ये त्या विकलांगता भत्त्याची जी अपिले स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे सुनावणीपर्यंत पोचतात, त्यांतली निम्म्याहून अधिक अनेक वर्षे अर्जदाराच्या बाजूने लागत आली आहेत. मध्ये किती जण गळतात याचा हिशेब त्या आकड्यात अर्थातच नाही.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलापलीकडे दोघे, बाजूला नोंदी घेणारी एक मुलगी. मी सोबत बसू शकत होते, पण ताईच्या वतीने उत्तरे देऊ शकत नव्हते. अध्यक्षबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कशा आहात?"

ताईने सवयीप्रमाणे तोंड उघडले आणि मिटले. खोलीत तीनचार सेकंद शांतता होती. मला ती फार लांब वाटली. मग ती म्हणाली, "हे तुम्ही सहज विचारताय, की लिहून घेण्यासाठी?" दुसरे सदस्य हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "लिहून घेण्यासाठी." त्यानंतर ताई सलग वीस मिनिटे बोलली, एकदाही आवाज न चढवता, एखाद्या खात्याची स्थिती सांगावी तशी. मध्येच त्यांनी विचारले की तुम्ही इथे येताना कपडे कसे घातले. तिने पिशवीतून ती तार काढून टेबलावर ठेवली. मला वाटले होते ती ठेवणार नाही.

निकाल पाच आठवड्यांनी आला. दावा मंजूर झाला, पण अर्जाच्या तारखेपासून नाही, डॉक्टरांच्या त्या दोन पानी पत्राच्या तारखेपासून. आधीच्या महिन्यांचा आधार 'उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होत नाही' असे त्यात म्हटले होते. त्यावरही अपील करता आले असते. ताईने थोडा विचार करून ते नको म्हटले, आणि या वेळी मी तिला आग्रह केला नाही. पत्राच्या शेवटच्या ओळीत होते: प्रकरणाचा दोन वर्षांनी फेरआढावा घेण्यात येईल.

त्या रात्री ताईने पत्र, पाकीट आणि पोच एकत्र लावून धारिकेत ठेवली. मग टेबलावरची वही उचलून विचारले, "ही आता आत ठेवू ना?"

दोन वर्षांनी कोणीतरी पुन्हा विचारणार होते की चालत आलात का. मी काही बोलले नाही, पण तिला ते कळले असावे. तिने वही पुन्हा माझ्यापुढे ठेवली, खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "तारीख टाक. आज हात साडेआठला उघडले."